लिनक्सवर अ‍ॅप परकं का दिसतं? वाचकांचे प्रश्न

विंडोजवर नीटनेटकं दिसणारं अ‍ॅप लिनक्सवर उपरं वाटतं, ही तक्रार इतक्यांदा येते की सगळी पत्रं एकदमच घेतो.

क्यूटी या खिडक्या-बटणांच्या साधनसंचात केलेलं अ‍ॅप उबुंटूवर ओबडधोबड दिसतं. क्यूटी सोडू का? (मुलुंड)

नको. उबुंटूचा डेस्कटॉप २०१७ पासून ग्नोम आहे आणि ग्नोम जीटीके या दुसऱ्या साधनसंचावर चालतं. क्यूटीला तिथली थीम (रंगरूपाचा साचा) वाचायला वेगळा प्लगिन (जोडभाग) लागतो. तो तुमच्या बिल्डमध्ये आलाय का, हे पॅकेज करणाऱ्याला आधी विचारा.

केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर जीटीकेची अ‍ॅप्स वेगळी दिसतात. (अंधेरी)

ब्रीझ-जीटीके पॅकेज टाका, ते त्यांना केडीईचं रूप देतं.

‘सगळी अ‍ॅप्स नेटिव्ह (तिथलीच) दिसतील’ असा थीम पॅक विकत मिळतोय. घेऊ? (ठाणे)

पैसे खिशात ठेवा. लिबअद्वैता या ग्नोमच्या लायब्ररीवर बांधलेली अ‍ॅप्स बाहेरची थीम मुद्दामच जुमानत नाहीत आणि इलेक्ट्रॉन (वेबच्या तंत्राने अ‍ॅप बांधायचं साधन) आतून क्रोमियम ब्राउझर आहे, तो आपली बटणं स्वतः रंगवतो. ‘सगळी’ म्हणणाऱ्याला ही दोन नावं विचारा आणि तोंड बघा.

आमच्या पतपेढीच्या अ‍ॅपमध्ये मराठी बटणांवरचे रफार आणि उकार कापले जातात. फॉन्ट लहान करू, की दिवाळीनंतर बघू? (गिरगाव)

दोन्ही नको. रंग, कोपरे, सावल्या यांवर लोक महिनोन्‌महिने भांडतात आणि अक्षर अर्धं कापलेलं असतं, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं!

विंडोज फॉर्म्स या विंडोजवरच्या साधनसंचात बटण मुळात २३ पिक्सेल उंच येतं. तीच सवय हाताला लागते आणि कोडमध्ये उंची ठोकली जाते. वर ‘सेगो यूआय’ हे विंडोजच्या फॉन्टचं नावही ठोकलेलं. तो फॉन्ट लिनक्सवर नसतो, मग तिथला फॉन्ट निवडणारा फॉन्टकॉन्फिग देवनागरीसाठी लोहित किंवा नोटो असं जे हाताशी असेल ते उचलतो. त्याची उंची वेगळी, बटण तेवढंच. कापलं जाणारच.

फॉन्टचं नाव काढून टाका, सिस्टिमचा फॉन्ट मागा. उंची आकड्यात लिहू नका, लेआउटला ठरवू द्या. मग एका बटणावर ‘मूर्तींची’ लिहा: खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी, रफार, अनुस्वार. हा शब्द अखंड दिसला तर बहुतेक सगळं दिसेल. त्यानंतर ग्नोममधला ‘मोठा मजकूर’ चालू करून पुन्हा बघा, कारण काउंटरवरचे पन्नाशीतले कर्मचारी तोच वापरतात. भाषाही मराठी म्हणूनच सांगा. हिंदी ठेवलीत तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. (‘चालतं की’ म्हणणारे भेटतात. मला चालत नाही.)

नवी आवृत्ती सगळ्या शाखांत टाकण्याआधी एका कारकुनाला समोर बसवून दाखवा. माझ्या उत्तरापेक्षा त्याचं मत मोलाचं.

१२५ टक्के स्केलिंगवर इलेक्ट्रॉन अ‍ॅप धूसर दिसतं. मॉनिटर बदला, असं दुकानदार म्हणतो. (दादर)

दुकानदार बदला. अ‍ॅप बहुधा एक्सवेलँड या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅप्ससाठीच्या दुभाष्यामधून चालतंय. इलेक्ट्रॉनची आवृत्ती ताजी करा, थेट वेलँड या पडद्यावर चित्र काढणाऱ्या नव्या यंत्रणेवर चालवून पाहा.

फाइल उघडायची खिडकी भलतीच येते. (लालबाग)

अ‍ॅपने स्वतःची काढण्याऐवजी एक्सडीजी पोर्टल या डेस्कटॉपच्या मध्यस्थाकडे मागितली की डेस्कटॉपचीच खिडकी येते. फ्लॅटपॅक (बंदिस्त पॅकेज) असेल तर परवानग्याही तपासा, आणि त्या सरसकट उघडून टाकण्याआधी जाणकाराला दाखवा.