रिपोर्ट नॉर्मल, हात मात्र बधिर

“मॅडम, तुम्हीच सांगा, ऑपरेशन करू की नको?” समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच तो येणार हे कळतं. कुणाचा गुडघा असतो, कुणाचा मणका. हल्ली थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे रुग्णही तो घेऊन येतात. मान, छाती आणि खांदा यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत हाताच्या नसा किंवा रक्तवाहिन्या दाबल्या जाणं, असा हा आजार. त्याचं नाव घरच्यांना उच्चारता येत नाही आणि दुखणं कुणाला दिसत नाही. वैशालीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

वैशालीचं साताऱ्यात स्वतःचं पार्लर. डाव्या हाताने केसांची बट वर धरायची, उजव्या हातात ड्रायर किंवा कात्री, आणि दिवसभर हे असंच. आधी डाव्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. मग रात्री हात बधिर होऊन जाग यायची. एका रात्री छातीच्या डाव्या बाजूला असं दुखलं, की नवऱ्याने तिला घाबरून दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला आला. “टेन्शन घेऊ नका,” असं सांगून घरी पाठवलं. पुढे स्पॉन्डिलायटिस म्हणून मानेला पट्टा लागला. एमआरआयमध्ये विशेष काही सापडलं नाही, नसांतून संदेश किती वेगाने जातो हे पाहणारी एनसीव्ही तपासणीही नॉर्मल. अखेर पुण्यातल्या एका सर्जनने आजाराचं नाव सांगितलं. नीट फिजिओथेरपी करा, फरक नाही पडला तर पहिली बरगडी काढण्याच्या ऑपरेशनचा विचार करू, असं म्हणाले. जाताना आणखी एक सांगितलं : समुपदेशकाला भेटून घ्या.

ती रागातच आली होती. “म्हणजे त्यांनाही वाटतंय ना, की हे माझ्या मनाचे खेळ आहेत?”

“तुमचा हात दुखतो की नाही हे ठरवायला त्यांनी पाठवलेलं नाही,” मी म्हटलं. “दुखत असताना एवढा मोठा निर्णय घ्यायचाय, त्यात सोबत हवी म्हणून पाठवलंय.”

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्याला औदासीन्य येतं, आणि ते अंगात मुरलेलं असेल तर अशा ऑपरेशनचं समाधान कमी मिळतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. चांगला सर्जन आधी मनाची विचारपूस करतो ती यासाठी. मनाची दखल घेतली म्हणजे शरीराचं दुखणं खोटं ठरवलं, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे आणि त्यापायी अनेकजण मदत नाकारतात.

मग आम्ही आजार समजून घेतला. मानेतून निघणाऱ्या पाच नसमुळांचं जाळं आधी मानेच्या दोन स्नायूंमधून जातं, मग पहिल्या बरगडीवरून आणि कॉलरबोनखालून, पुढे छातीच्या एका लहान स्नायूच्या मागून काखेत उतरतं. वाटेत कुठेही जागा कमी पडली की हात वर नेताच नसा चेपतात. या आजाराला आजचं नाव १९५६ साली मिळालं. त्याच्या तीन प्रकारांपैकी नसांचा प्रकार ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत आढळतो. आणि याच प्रकारात एनसीव्ही बऱ्याचदा नॉर्मल येते, कारण दाब खोल जागी असतो आणि हाताच्या स्थितीप्रमाणे कमीजास्त होतो. वैशालीने हे दोनदा विचारून घेतलं. “म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असून दुखणं खरं असू शकतं?” असू शकतं.

मला वाटलं होतं, आता तिचा जीव हलका होईल. पण पुढच्या भेटीत ती म्हणाली, “ऑपरेशनने शंभर टक्के बरं होईल अशी खात्री दिली, तर उद्याच करते.” त्यापुढच्या भेटीत, “फुफ्फुसाला इजा होऊ शकते म्हणे. धोका अजिबात नसेल तरच करेन.” कधी ऑपरेशन व्हायलाच हवं, कधी व्हायलाच नको. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती हा माझ्या कामाचा पाया आहे, आणि असा ‘च’ कानावर आला की मी तिथे थांबते. खात्री मिळावी ही इच्छा रास्त आहे. खात्री मिळालीच पाहिजे हा हट्ट मात्र माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवतो, कारण ती कोणताही सर्जन देऊ शकत नाही. तरी वैशालीचा हट्ट नुसत्या भीतीचा वाटत नव्हता. तिच्या बोलण्यात सासूबाई सारख्या येत होत्या.

एके दिवशी मी विचारलं, “समजा ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आत नस खरंच दाबली गेली होती. ही बातमी सगळ्यात आधी कुणाला सांगाल?”

ती लगेच म्हणाली, “सासूबाईंना.” आणि मग बराच वेळ गप्प बसली. डाव्या हाताची करंगळी उजव्या मुठीत धरून चोळत राहिली, ती तिची नेहमीची सवय. “त्या म्हणतात, पार्लरमध्ये उभं राहायला हात दुखत नाही, भाकऱ्या थापायला दुखतो. मॅडम, मला त्यांना दाखवायचंय. डाग दाखवायचाय.”

“आणि डाग आला, पण दुखणं राहिलं तर?”

“तर मी संपले.”

तिला ऑपरेशनकडून दोन कामं करून घ्यायची होती. एक नसेवरचा दाब कमी करायचं. दुसरं, आपण नाटक करत नाही हे सिद्ध करायचं. पहिलं काम सर्जनच्या हातातलं आहे. दुसरं कुठल्याच सर्जनच्या हातातलं नाही. आणि दुसऱ्या कामाचं ओझं पहिल्यावर पडलं की माणूस धोक्यांकडे नीट पाहू शकत नाही. हा गुंता दिसला तेव्हा मला मनापासून समाधान वाटलं. ‘बातमी आधी कुणाला सांगाल’ हा प्रश्न मी नंतर निरनिराळ्या दुखण्यांच्या लोकांना विचारला आहे आणि त्याने बरंच काही उलगडतं.

त्यामुळे आधी दुसरं काम वेगळं काढलं. सर्जनच्या पुढच्या भेटीला वैशाली नवऱ्याला आत घेऊन गेली. दोन्ही हात वर, कोपरं काटकोनात, आणि तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या, अशी एक साधी तपासणी असते. मिनिटभरातच तिचा डावा हात भरून आला आणि खाली पडला. नवरा शेजारी बसून पाहत होता. पुढच्या वेळी तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, “आईला मी सांगितलंय. पटलं नाही तिला. पण भाकऱ्यांना बाई लावली.” वैशाली म्हणाली, “यांना पटलं, मला पुरे.” सासूबाईंना पटावं अशी तिची इच्छा होतीच, फक्त आता ती अट राहिली नव्हती.

त्यानंतरच ऑपरेशनवर खरी चर्चा सुरू झाली. सर्जनला काय विचारायचं ते तिने वहीत लिहून काढलं. तुम्ही अशी किती ऑपरेशनं केली आहेत? काखेतून करणार की कॉलरबोनच्या वरून? छातीत हवा शिरणं, मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव, श्वासपटलाच्या किंवा हाताच्या नसेला इजा, यांतलं काय झालं तर पुढे काय करता? आत व्रण धरून त्रास परत येऊ शकतो का? पार्लर किती आठवडे बंद? बरं होणं म्हणजे तुमच्या लेखी किती बरं होणं? हा शेवटचा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. सर्जनच्या लेखी निम्मं दुखणं गेलं तर ते यश असू शकतं आणि रुग्ण मात्र पूर्वीचा हात परत मिळण्याची वाट पाहत असतो.

फिजिओथेरपीचंही नीट पाहा. “केली, उपयोग झाला नाही” असं सांगणाऱ्यांनी बऱ्याचदा थोडे दिवस शेक घेतलेला असतो, नाहीतर वजनं उचलून हात आणखी दुखवून घेतलेला असतो. हा आजार ओळखणाऱ्या फिजिओकडे काही महिने बसण्या-उभं राहण्याची ढब, श्वास आणि मानेचे-छातीचे आखडलेले स्नायू यांवर काम करावं लागतं. मात्र काही लक्षणांत वाट पाहायची नसते. हात अचानक सुजून निळसर झाला किंवा थंड, पांढरा पडला, तर रक्तवाहिनी दाबली गेल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगठ्याखालचा मांसल भाग खंगू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या, तर लवकर सर्जनला दाखवा. आणि छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासायचं, आजाराचं नाव माहीत असलं तरीही.

वैशालीने व्यायाम मनापासून केले. रात्रीची झोप सुधारली, हात वर धरणं मात्र जमेना. मग सर्जनने नसांच्या वाटेतल्या मानेच्या स्नायूत भूल देणारं इंजेक्शन दिलं. त्यानंतर काही तास हात मोकळा झाला. असा फरक पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता वाढते. तिने ऑपरेशन करायचं ठरवलं. त्याच सुमारास अशाच त्रासाचे एक शिक्षक माझ्याकडे येत होते. त्यांनी फळ्यावर लिहिणं कमी केलं, प्रोजेक्टर मागून घेतला आणि ऑपरेशन नाकारलं. मला दोन्ही निर्णय तितकेच विचारपूर्वक वाटतात.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी तिला विचारलं, “सत्तर टक्केच बरं वाटलं तर?”

“सत्तर टक्क्यांत हेअरकट होतात,” ती म्हणाली. “ब्लो-ड्रायला मुलगी ठेवलीय.”