द्यायचंच आहे, तर लळा लावू का?

प्रश्न : कापूस वेचताना आमच्या वावराच्या धुऱ्यावर कुत्रीचं एक पिल्लू सापडलं. माय दोन दिवसांआधी डांबरी रस्त्यावर गाडीखाली गेली होती. डोळे उघडले आहेत, दात नुकतेच टोचतात, चालताना मागचे पाय लटपटतात. नागपूरचा माझा मावसभाऊ संक्रांतीला येऊन नेतो म्हणाला, तोवर ते माझ्याकडे आहे. आमच्या घरी आजवर कुत्रं पाळलं नाही. गाईचं दूध पाजते तर पातळ शी करते, रात्रभर रडते. सासूबाई म्हणतात, "जायचंच हाय ना ते, त मंग लळा नको लावू, गोठ्यात ठेव." सहा वर्षांची मुलगी मात्र त्याला खाली ठेवत नाही. काय करू?
– एक वाचक, वरोरा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाई सांगतात तसंच मी एकदा केलं होतं. नोकरीची पहिली वर्षं होती, पोस्टिंग हिंगणघाटकडे. दवाखान्याच्या आवारात कुणीतरी असंच पिल्लू सोडून गेलं. आज ना उद्या बदली होणार, म्हणून मी त्याला गोठ्यात ठेवलं. खाणं वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, पण जवळ घेतलं नाही. तीन महिन्यांचं झाल्यावर ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे दिलं. अंगानं धडधाकट होतं, पण माणूस जवळ आला की कोपऱ्यात दबून मुतायचं. घरच्या पोरानं उचलायला हात घातला तर चावलं. पंधरा दिवसांत परत आलं आणि पुढे जगलं तेवढे दिवस माझ्या आवारात माणसांपासून दहा हात लांब राहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा असतो. या दिवसांत जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं, जे भेटत नाही त्याची पुढे धास्ती बसते. यातले मोलाचे आठवडे तुमच्याच घरी जाणार आहेत. म्हणून लळा लावा, भरपूर लावा. मुलीच्या मांडीवर बसू द्या. सासूबाईंच्या हातून घास खाऊ द्या. कुकरची शिट्टी, मिक्सर, अंगणातला ट्रॅक्टर, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं दाखवा. नागपुरात त्याला यातच राहायचं आहे. फक्त लसी होईपर्यंत गावात कडेवर घेऊन फिरवा. मोकाट कुत्री हगतात-मुततात त्या जागी खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

रात्रीचं रडणं थंडीचं आणि एकटेपणाचं आहे. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, आणि या पिल्लाला बिलगायला भावंडं नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं लुगडं अंथरा. बाटलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. खोकं तुमच्या अंथरुणाला लागून असू द्या. गोठ्यात गाईचा पाय पडतो, गोचीड लागतात, आणि ताडोबाच्या अंगाला असलेल्या आपल्या गावांत बिबट्या कुत्र्यांसाठी येतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.

गाईचं दूध आजच बंद करा. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं जास्त, दुग्धशर्करा कमी. गाईच्या दुधातली ती शर्करा पिल्लाला पचत नाही, म्हणून पातळ होतं. दात टोचतात म्हणजे चारेक आठवड्यांचं असावं, आता दुधासोबत खाणंही सुरू करता येतं. जनावरांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते. सोबत गुरगुट्या भातात उकडलेलं अंडं किंवा शिजवलेली कोंबडी बारीक करून, मीठ-तिखट न घालता, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. आपल्या रश्शातला कांदा-लसूण त्याला विषारी आहे, शिजलेली हाडं घशात-आतड्यात रुततात. दर दोन दिवसांनी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. वजन वाढायचं थांबलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, शीतून रक्त आलं किंवा पिल्लू मलूल पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. इतक्या लहान जिवाकडे थांबायला वेळ नसतो.

जंताचं औषध वजनावर ठरतं, तेव्हा वही सोबत न्या. आता एकदा, मग दर दोन आठवड्यांनी. पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) यांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे तुमच्याकडेच. लस बाहेरून आणावी लागेल का, ते तालुक्याच्या पशुदवाखान्यात आधी विचारा. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं आणि रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, हे भावानं करायचं. तारखा त्याच वहीत लिहून द्या. गोचीड दिसले तर चिमट्यानं काढा. गाईम्हशींचं गोचिडाचं औषध किंवा फिनेलचं पाणी पिल्लाला अजिबात लावू नका, जीव जाईल.

मुलीला खेळताना दात किंवा नख लागून रक्त आलं, तर हळद-चुना काही लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. त्याच्या मायला रेबीजची लस मिळाली होती का, हे कुणाला माहीत नाही.

पिल्लू नागपूरला जाणार हे मुलीला आजच सांगा, त्या दिवशी सकाळी नको. भावाला संक्रांतीआधी एखाद्या रविवारी बोलवा, त्याच्या हातून एकदा तरी भरवून घ्या. नेताना आठवडाभर पुरेल एवढं इथलंच खाणं, वही आणि खोक्यातलं लुगडं द्या. ते लुगडं धुवू नका.