वाचकांचे प्रश्न : गवत कोणत्या चुलीत जाणार ते आधी ठरवा

ऊर्जेसाठी बहुवर्षायू गवत लावावं का, असं विचारणारी बरीच पत्रं सांगली-साताऱ्यातून आली. त्यांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : गवतापासून गाडीचा गॅस करणाऱ्या प्रकल्पासाठी नेपियर (हत्ती गवत) लावा, बेणं आमच्याकडूनच घ्या, माल आम्ही उचलू, असा करार समोर आला आहे. दोन एकर ऊस मोडून लावावं का? (ता. वाळवा)

उत्तर : पाण्याखालचा चांगला ऊस मोडू नका. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, आहे आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे. गवताला असा कोणताही आधार नाही. केंद्राची ‘सतत’ योजना 1 ऑक्टोबर 2018 ला सुरू झाली, पण तिच्यात तेल कंपन्या प्रकल्पाकडून गॅस घेतात. तुमच्या बांधावरचं गवत कोणी घ्यावं, यावर ती योजना काही बोलत नाही. एमू आणि कडकनाथ पक्षी पाळण्याच्या करारांत आपल्या भागाचे हात पोळले आहेत, म्हणून हा फरक नीट समजून घ्या.

आता हिशेब. एक टन हिरव्या नेपियरमध्ये सुका भाग साधारण 200 किलो असतो, बाकी पाणी. राख वजा जाता 175 किलो उरतो आणि त्यातून किलोमागे 200 ते 250 लिटर मिथेन मिळतो. म्हणजे टनामागे 35 ते 44 घनमीटर, वजनात 25 ते 30 किलो. तुम्हाला टनाला जो भाव सांगितला आहे, तो या 25-30 किलोंच्या किमतीत बसतो का ते पाहा. त्यातच कापणी, वाहतूक, प्रकल्पाची वीज आणि कर्जाचा हप्ताही बसायचा आहे. बसत नसेल, तर तो भाव फार दिवस मिळणार नाही. दहा टनांच्या गाडीत आठ टन पाणीच जातं, त्यामुळे प्रकल्प लांब असला की सगळं गणित भाड्यात जातं.

करार करायचाच असेल, तर भाव ओल्या वजनावर आहे की सुक्या भागावर, हे लिहून घ्या. ओल्या वजनावर असेल आणि तोडलेलं गवत एक दिवस शेतात पडून राहिलं, तर सुकण्याचा तोटा तुमचा. कापणी किती दिवसांची धरायची तेही लिहा. गॅससाठी 60 ते 75 दिवसांचं गवत ठीक. त्याहून जून झालं की वजन वाढतं, पण लिग्निन (न कुजणारा लाकडी भाग) वाढल्याने ते कुजत नाही आणि प्रकल्प माल परत पाठवतो. तोडणी कोणाची, वजनकाटा कोणाचा, ठरल्या दिवशी गाडी आली नाही तर भरपाई किती, हेही कागदावर हवं. आणि स्लरी (गॅस निघाल्यावर उरणारा राडा) परत मिळण्याची अट सोडू नका, तिचं कारण शेवटच्या उत्तरात आहे.

बेण्याबद्दल. बाजरी-नेपियरचा संकर त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) असतो, त्याला बी धरत नाही. ‘सुपर नेपियरचं बियाणं’ म्हणून पुडी विकणारा फसवतो आहे. लागवड कांड्यांची किंवा ठोंबांची. राहुरी विद्यापीठाचे फुले जयवंत आणि यशवंत हे वाण आपल्याकडे चालतात. 3 बाय 2 फुटांवर एकरी सव्वासात हजार कांड्या लागतात. त्या तीन-चार महिन्यांच्या ताटाच्या खालच्या व मधल्या भागातल्या, दोन-तीन डोळ्यांच्या घ्या. दोन डोळे मातीत जातील अशी कांडी तिरपी खोचा. थंडीत लावू नका, कोंब बसून राहतात. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याची सुरुवात योग्य.

प्रश्न : गुऱ्हाळाला चिपाड कमी पडतं. नेपियर जाळता येईल का? (ता. कराड)

उत्तर : हिरवं नाही. एका किलोत पाव किलो सुका भाग धरला, तर तो हजारेक किलोकॅलरी देतो आणि उरलेल्या पाऊण लिटर पाण्याची वाफ करण्यातच सव्वाचारशेच्या वर उडतात. चुलवाणात नुसता धूर होईल.

जाळण्यासाठी गवत पाच-सहा महिने उभं ठेवून जून होऊ द्या, तोडून शेतातच आठवडाभर उन्हात उलटंपालटं करा आणि कडकडीत झाल्यावरच रचा. गंजीत वीस टक्क्यांच्या वर ओल राहिली, तर आतून तापते, काळी पडते, कधी पेटतेही. हात घालून पाहिल्यावर गरम लागली, तर लगेच फोडा.

दुसरी अडचण राखेची. गवतात पोटॅश, क्लोरीन आणि सिलिका चिपाडापेक्षा जास्त असतात. पोटॅशमुळे राख कमी तापमानाला वितळते, जाळीवर खंगर (घट्ट झालेल्या राखेचा थर) धरतो आणि हवा अडते. म्हणून तीन भाग चिपाड आणि एक भाग गवत यापुढे जाऊ नका, आणि खंगर रोज काढा. तोडलेल्या गवतावर एखादी सर पडून ते पुन्हा वाळलं, तर पोटॅश धुऊन जातं. चाऱ्याला ती सर नुकसानीची, जळणाला फायद्याची. बॉयलरवाल्यांनी मात्र नळ्यांच्या गंजाचा विचार करून क्लोरीन तपासल्याशिवाय गवत घेऊ नये.

प्रश्न : आमचा दोन घनमीटरचा दीनबंधू बायोगॅस आहे. उन्हाळ्यात शेण कमी पडतं. गवत टाकलं तर? (ता. माण)

उत्तर : ताई, या प्लँटला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्यात ढवळणी नसते, म्हणून गवत वर तरंगून जाड साय धरतं आणि गॅसची वाट अडते. टाकायचंच असेल, तर 40-45 दिवसांचं कोवळं गवत कडबाकुट्टीत बोटाच्या पेरापेक्षा बारीक करा, बाहेर पडलेल्या स्लरीत दोन दिवस भिजवा आणि रोज 5 किलोपासून सुरू करा. 10 किलोंवर जाऊ नका. गॅस पेटेनासा झाला किंवा स्लरीला आंबट वास आला, तर आम्ल वाढलं आहे. आठ-दहा दिवस गवत बंद करून फक्त शेण द्या.

मात्र एवढ्या गवताने गॅसमध्ये फार मोठी भर पडत नाही. तेच गवत आधी जनावराला घाला: दूधही मिळेल आणि शेणही. माणसारख्या भागात गवताला दावणीपेक्षा चांगली जागा नाही.

प्रश्न : नदीकाठची काळी जमीन पाण्याने आणि मिठाने गेली. तिथे ऊर्जेचं गवत येईल का? (ता. पलूस)

उत्तर : नेपियर नाही, साचलेल्या पाण्यात त्याची मुळं कुजतात. माती तपासून क्षारता आणि सामू (पीएच) दोन्ही पाहा. नुसती खारवट असेल तर चर-निचरा हाच इलाज, चोपण (सोडियमने घट्ट झालेली) असेल तर सोबत जिप्समही. तोवर पॅरा गवत पाणथळीत टिकतं, फांद्यांचे तुकडे चिखलात दाबले तरी लागतं. ते पाणीदार असल्याने गॅससाठीच, जळणासाठी नाही. आणि ओढ्यात, चरीत उतरू देऊ नका. हे गवतच चर बुजवेल आणि निचऱ्याचा खर्च वाया जाईल.

प्रश्न : मिसकँथस आणि स्विचग्रासबद्दल वाचलं. आमच्या डोंगरावरच्या सड्यावर (सपाट खडकाळ माथ्यावर) लावता येईल का? (सातारा)

उत्तर : नको. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 1991 मध्ये स्विचग्रासला ऊर्जापिकाचा नमुना म्हणून निवडलं ते तिथल्या हवामानासाठी. थंडीत त्या गवतांची अन्नद्रव्यं मुळांकडे परततात आणि वर राख कमी असलेलं जळण उरतं. आपल्याकडे तशी थंडी नाही. आणि सड्यावर वीतभर मातीत जी रानफुलं आणि गवतं येतात त्यांतली कित्येक दुसरीकडे नाहीत. तिथे नांगर घालू नका.

प्रश्न : नेपियरच्या पहिल्या तीन कापण्या जोरात झाल्या, आता बेटं पिवळी आणि विरळ आहेत. (ता. कडेगाव)

उत्तर : बहुधा जमीन उपाशी आहे. वर्षाला एकरी 60 टन हिरवं गवत म्हणजे 12 टन सुका भाग. त्यात नत्र सव्वा टक्का आणि पालाश (पोटॅश) दोन टक्के धरला, तरी 150 किलो नत्र आणि 240 किलो पालाश शेताबाहेर जातो. उसाचं पाचट तरी शेतात राहतं, इथे सगळंच उचललं जातं. प्रत्येक कापणीनंतर वाफशावर एकरी 20-25 किलो युरिया द्या, पालाश माती परीक्षणानुसार. गॅस झाल्यावरही नत्र-पालाश स्लरीतच राहतात, म्हणून ती परत घ्यायची.

कापणीची उंचीही पाहा. जमिनीला घासून कापलं की खालचे डोळे जातात. चार ते सहा इंच बुडखा ठेवा, आणि विळा धारदार हवा. फाटलेल्या बुडख्यात पाणी शिरून कुज लागते.

एक पिवळं बेट धरून ओढा. सहज उपटून आलं आणि मुळं कुरतडलेली असली, तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे. खताने काही होणार नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबरात अळ्या जास्त खातात, पण त्यांचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम एकट्याच्या रानात करून भागत नाही, शेजारच्या ऊसवाल्यांनाही त्याच आठवड्यात सोबत घ्या.