मंडळ बदलले, दफ्तराचे काय?

तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांतील इतिहास मंडळांच्या पदाधिकाऱ्यांकडून, सभासदांकडून आणि या खेपेस एका कर्मचाऱ्याकडूनही आमच्याकडे पत्रे आली आहेत. जुनी पिढी पदावरून जात असताना कारभाराची सूत्रे नव्यांच्या हाती नेमकी कशी द्यावीत, हाच त्यांतील विषय आहे. लेखकांची व संस्थांची नावे न देता त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या इतिहास संशोधन मंडळाच्या यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अकरा जणांचे नवे कार्यकारी मंडळ बिनविरोध निवडून आले. त्याआधी अध्यक्षांचे निधन झाले होते आणि कोषाध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला होता. परंतु धर्मादाय कार्यालयातील अनुसूची एकच्या, म्हणजे संस्थेच्या व विश्वस्तांच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून दोन कार्यकालांपूर्वीचीच नावे आहेत, कारण मधल्या मंडळाने नोंदीतील बदल कळवणारा ‘बदल अर्ज’ दिलाच नाही. बँक सह्या बदलून देत नाही. आम्हाला कारभार करण्याचा अधिकार आहे की नाही? (एक कार्यवाह, सोलापूर जिल्हा)

उत्तर : अधिकार निवडणुकीने मिळतो, उताऱ्याने नव्हे. आपली निवड नियमावलीनुसार झाली असेल, तर बदल अर्जावरील निर्णय व्हायचा आहे एवढ्याच कारणाने नव्या मंडळाला हात बांधून बसावे लागत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. मात्र बँकेला आपली निवड वैध आहे की नाही याचा न्याय करायचा नसतो; ती नोंद पाहते, आणि नोंदीत आपण नाही. त्यामुळे बँकेशी वाद घालण्यात वेळ न दवडता मूळ दुखण्यावर उपाय करावा, हे बरे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे नोंदीतील कोणताही बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो. येथे बहुतेक संस्थांची एक समजूत चुकीची असते. त्यांना वाटते की निवडणूक झाली म्हणजेच बदल झाला. प्रत्यक्षात अध्यक्षांचे निधन हा एक बदल, कोषाध्यक्षांचा राजीनामा स्वीकारला जाणे हा दुसरा आणि नव्या मंडळाची निवड हा तिसरा. प्रत्येकाची तारीख वेगळी आणि प्रत्येकाची मुदतही वेगळी. आपल्या प्रकरणात मधल्या मंडळाचा न कळवलेला बदल यांच्याही आधी येतो. तो ओलांडून थेट आजच्या मंडळाची नोंद मागितली, तर ‘ही सभा बोलावणारे कार्यवाह आमच्या नोंदीत कुठे आहेत?’ असा प्रश्न पहिल्याच तारखेला विचारला जाण्याचा संभव आहे. म्हणून प्रत्येक कार्यकालाचा स्वतंत्र अर्ज, क्रमाने आणि एकाच वेळी दाखल करावा. उशीर माफ करण्याचा अधिकार उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांना आहे. त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि ते ठरवतील तो खर्च भरावा लागतो. कारण खरे असेल तेच लिहावे. ‘जुने कार्यवाह वृद्ध होते आणि अर्ज करावा लागतो हे कोणालाच ठाऊक नव्हते’ हे सांगण्यात कमीपणा नाही.

विश्वस्तांच्या नावांतील बदल तात्पुरता स्वीकारून हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस काढण्याची आणि हरकत न आल्यास तो आदेश अंतिम होण्याची सोय कायद्यात आहे. म्हणूनच बिनविरोध निवडणूक ही आपली जमेची बाजू आहे, पण धोकाही तिच्यातच आहे. चुरशीच्या निवडणुकीत प्रत्येक कागद जपला जातो, कारण समोर विरोधक असतो; बिनविरोध निवडीत मात्र चहा होतो, टाळ्या होतात आणि हजेरीच्या वहीवर निम्म्या लोकांच्या सह्या राहून जातात. अर्जासोबत सभेची सूचना, ती सभासदांना पोहोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्ताची सत्यप्रत, मृत्यूचा दाखला, राजीनामा व तो स्वीकारल्याचा ठराव, नव्या सदस्यांची संमतिपत्रे, शपथपत्र आणि नियमावलीची प्रत लागेल. पायउतार झालेल्या हयात सदस्यांची ‘हरकत नाही’ अशी शपथपत्रे मिळाल्यास काम पुष्कळ सोपे होते. ती मागायला स्वतः घरी जावे, शिपायाला पाठवू नये.

सूचनेच्या पुराव्याबद्दल विशेष जपा. अनेक जुन्या नियमावल्यांत सभासदांना ‘यूपीसी’ने, म्हणजे टपालात टाकल्याच्या दाखल्यासह, सूचना पाठवावी असे कलम आहे. ती सेवा टपाल खात्याने २०११ मध्येच बंद केली. त्यानंतर बऱ्याच संस्थांनी नियमावली न बदलता व्हॉट्सअॅपवर सूचना टाकायला सुरुवात केली. सगळे गोडीत असेपर्यंत कोणी बोलत नाही, पण एक सभासद नाराज झाला की हीच फट त्याला सापडते. नियमावलीत रीतसर दुरुस्ती होईपर्यंत नोंदणीसह स्पीड पोस्टाने किंवा हातपोच सही घेऊन सूचना पाठवावी आणि शिवाय व्हॉट्सअॅपवरही टाकावी.

मतदारांची यादीही एकदा तपासून घ्या. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देण्याचा किंवा सभासद म्हणून मोजले जाण्याचा हक्क नाही, असे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चे कलम १५ सांगते. छोट्या मंडळांत आजीव सभासद वगळले तर वर्गणी वेळेवर भरणारे थोडेच असतात, त्यामुळे गणपूर्तीचा हिशेबच कोसळू शकतो. तसेच त्याच अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकांकडे द्यायची असते. बदल अर्जाने हे काम भागत नाही आणि या यादीने बदल अर्जाचे भागत नाही.

तोवर बँकेला काय सांगावे? अर्ज दाखल झाल्याची पोच, इतिवृत्त आणि सह्यांविषयीचा ठराव द्यावा. जुन्या सहीदारांपैकी कोणी हयात व राजी असेल, तर नव्या मंडळाच्या ठरावानुसार वीजबिल आणि पगार यांपुरत्या त्यांच्या सह्या चालू ठेवाव्यात. मात्र कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या घेऊन ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, तिच्या वाटेला कृपा करून जाऊ नका.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या संस्थापकांनी पन्नासेक वर्षे गावोगाव हिंडून मोडी कागद जमवले. त्यांतील बरेच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मंडळात आहेत, काही त्यांच्या घरी राहिले. ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव कार्यकारी मंडळातून बाहेर पडले आणि ‘घरचे कागद आमचे’ असे म्हणतात. नव्या अध्यक्षांना पोलिसांत तक्रार करायची आहे. काय करावे? (एक आजीव सभासद, कोकण)

उत्तर : तक्रार आज नको. आधी आपल्याच कपाटात पाहा.

कागद कोणाचे, हे ते कोणी गोळा केले यावरून ठरत नाही. ते कोणी कोणाला आणि काय म्हणून दिले, यावरून ठरते. एखाद्या इनामदार घराण्याने १९८० साली ‘मंडळास देणगी’ म्हणून दफ्तर दिल्याचे पत्र असेल, दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक असेल, वार्षिक अहवालात आभाराची ओळ असेल, तर ते दफ्तर मंडळाचे आहे, मग ते कोणाच्याही माळ्यावर असो. उलट संस्थापकांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला किंवा त्यांना स्नेहापोटी मिळालेला कागद त्यांच्या वारसांचा असू शकतो. दोन्ही प्रकारचे कागद एकाच रुमालात बांधले गेले असतील, आणि बहुधा तसेच असेल, तर ते कागदागणिक वेगळे करावे लागतील. हे काम पोलिसांचे नव्हे.

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-ब प्रमाणे प्रत्येक संस्थेने आपल्या स्थावर व जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवायची असते. इतिहास मंडळांच्या बाबतीत हे कलम सर्वांत दुर्लक्षित आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. नोंदवहीत टेबल, खुर्च्या, पंखे असतात. ज्याच्यासाठी संस्था उभी राहिली ते दफ्तर ‘ऐतिहासिक कागदपत्रे, एकूण बस्ते अमुक’ अशा एका ओळीत उरकलेले असते. इमारत विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, पण त्या कलमाचा रोख स्थावर मालमत्तेवर आहे. दफ्तराचे रक्षण व्हायचे तर ते मुख्यतः आपल्या यादीनेच होईल. म्हणून प्रत्येक नव्या मंडळाने पदभार घेताना किल्ल्या, धनादेश-पुस्तके आणि शिक्के यांच्याबरोबर रुमालवार यादी पडताळून जुन्या व नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्यांची ताबेपावती करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तशी पडताळणी कधी झालीच नसेल, तर आता करा, आणि जे सापडत नाही त्याचीही नोंद करा. ‘आढळले नाही’ हे दोन शब्द लिहायला पदाधिकारी कचरतात, कारण दोष आपल्या माथी येईल अशी भीती असते. वस्तुतः ते न लिहिणाऱ्याच्या माथीच पुढे दोष येतो.

यादी हाती आल्यावर चिरंजीवांकडे जा. सोबत त्यांच्या वडिलांना ओळखणारे एखादे ज्येष्ठ सभासद असावेत. त्यांच्यासमोर तीन पर्याय ठेवता येतील. जे मंडळाचे म्हणून सिद्ध होते ते परत करावे. जे घरचे आहे ते संस्थापकांच्या नावाच्या स्वतंत्र संग्रहात देणगी म्हणून द्यावे. देणगी नको असेल तर निदान त्याची छायाचित्रे घेऊ द्यावीत. पुष्कळदा भांडण कागदासाठी नसतेच. वडिलांचे नाव मंडळाच्या फलकावरून उतरले, श्रद्धांजलीच्या सभेत घरच्यांना बोलावले नाही, अशी काही खंत त्यामागे असते.

या बाबतीत धुळ्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे त्यांचे त्या मंडळाशी मतभेद झाले आणि आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभारून त्यांचा संग्रह सांभाळला. माणूस गेल्यानंतर अल्पावधीत त्याच्या कागदांना संस्थेचे छत्र मिळाले, म्हणून तो संग्रह विखुरला नाही. आपल्या संस्थापकांच्या कागदांना ते छत्र अर्धेच मिळाले आहे. उरलेले अर्धे गोडीने मिळवता येण्याजोगे आहे.

मात्र मंडळाचे म्हणून सिद्ध होणारे कागद विकले जात आहेत किंवा नष्ट होत आहेत असे दिसले, तर थांबू नये. विश्वस्तव्यवस्थेच्या मालमत्तेला धोका असल्यास मनाई आदेश देण्याचा अधिकार कलम ४१-ई खाली धर्मादाय आयुक्तांना आहे. शिवाय ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाचे, ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित हे १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ही माहिती चिरंजीवांना धमकी म्हणून न देता, एखादा व्यापारी त्यांच्या दाराशी आला तर उपयोगी पडावी म्हणून द्यावी.

प्रश्न : मी एका इतिहास मंडळात १९ वर्षे कार्यालयीन सहायक म्हणून काम करते. मोडी वाचते, अभ्यासकांना रुमाल काढून देते. नव्या अध्यक्षांनी ‘आता सर्व संगणकावर घ्यायचे आहे, महाविद्यालयीन मुले मानद काम करतील, तुम्ही पुढच्या महिन्यापासून येऊ नका’ असे तोंडी सांगितले. पगार १२,००० रुपये आहे. आम्ही तिघे कर्मचारी आहोत. मला काही हक्क आहे का? (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : प्रथम, तोंडी सांगण्यावरून काम सोडू नका. कर्मचारी नेमणे व कमी करणे हा अधिकार बहुतेक नियमावल्यांत कार्यकारी मंडळाला असतो, एकट्या अध्यक्षांना नव्हे. ‘याबाबत कार्यकारी मंडळाचा ठराव झाला असल्यास त्याची प्रत मिळावी’ असे कार्यवाहांच्या नावे साधे पत्र द्या आणि पोच घ्या. नेमणूकपत्रात नोटिशीचा कालावधी असेल तर तो लागू होतो. नेमणूकपत्रच नसेल, जे अशा संस्थांत नवलाचे नाही, तर पगारपत्रके, हजेरीपट आणि वार्षिक अहवालांत आलेला आपला उल्लेख हेच पुरावे म्हणून जपून ठेवा.

उपदानाविषयी, म्हणजे ग्रॅच्युइटीविषयी, स्पष्ट सांगायचे तर दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते देण्याचे कायद्याचे बंधन असते. आपल्या मंडळात मागे कधी दहा जण कामाला असतील तर एकदा लागलेला कायदा संख्या घटली तरी लागूच राहतो, हे तपासून पाहा. तसे नसल्यास कायद्याचे बंधन राहत नाही. पण कार्यकारी मंडळाने ठराव करून ती रक्कम देण्यास कोणतीही आडकाठी नाही. कायद्याच्या सूत्राने, म्हणजे दर वर्षास १५ दिवसांचा पगार आणि महिन्याचे २६ दिवस धरून, आपली रक्कम सुमारे १,३१,५०० रुपये होते. एवढी रक्कम छोट्या मंडळाला एकदम जड जाईल हे मान्य, पण हप्त्यांनी देता येते.

हे उत्तर आपल्या अध्यक्षांच्याही वाचनात येईल या आशेने थोडे त्यांच्यासाठी लिहितो. संगणकावर घेण्याचे काम स्तुत्य आहे आणि मुलांचा उत्साहही हवाच. परंतु १९ वर्षे रुमाल बांधणाऱ्या सहायकाला जे ठाऊक असते ते बहुधा कोणत्याच वहीत नसते: तिसऱ्या कपाटातील क्रमांक मधेच का तुटतात, पुरानंतर कोणते बस्ते दुसऱ्या खोलीत हलवले, अमुक घराण्याने कोणते कागद ‘अभ्यासकांना दाखवू नयेत’ या अटीवर दिले. ही माहिती लिहून घेतल्याशिवाय केलेली छायाचित्रे म्हणजे हजारो चित्रांचा एक नवा बिनयादीचा ढीग होईल. त्यामुळे या कर्मचाऱ्याला कमी करायचेच असेल तर निदान सहा महिने नव्या मुलांबरोबर, पूर्ण पगारावर, यादीचे काम त्यांच्याकडून करवून घ्यावे आणि त्या यादीवर त्यांचे नाव घालावे. त्यांना कमी न करता संगणकाच्या कामाचीच जबाबदारी त्यांना द्यावी, हा पर्याय कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर यायला हवा, आणि पत्रलेखिकेने आपल्या पत्रात तशी विनंती अवश्य करावी.