सोयाबीनचा केना आणि बँकेची पॉलिसी

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यात माझी 10 एकर कोरडवाहू शेती आहे, सगळं सोयाबीन. गेल्या हंगामात इमॅझेथापायर हे तणनाशक मारूनही केना नावाचं तण मेलं नाही. निंदण दोनदा करावं लागलं, 42,000 रुपये मजुरीत गेले. 1 लाख 10 हजारांचा पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, कर्जाने घ्यावा का? गावात भाड्याने देऊन वर्षाला 50,000 सुटतील असं वाटतं. (पीक कर्ज 1 लाख 60 हजार, दर वर्षी वेळेवर नवं-जुनं करतो. त्यातूनच 40,000 चा जीवन विम्याचा हप्ता जातो, पॉलिसी बँकेच्या साहेबांनी लावून दिली. 16 वर्षांची, 5 लाखांची. तीन हप्ते भरले. कृषी केंद्राचं, म्हणजे बियाणं-खताच्या दुकानाचं, उधारीचं खातं 70,000 चं, महिना 3 टक्के. सोयाबीन पाच महिन्यांनी त्या दुकानदारालाच देतो, 60 क्विंटल, क्विंटलमागे 200 कमी धरतो. तणनाशकही त्याने पेरणीनंतर 35 दिवसांनी दिलं. घरी बैलजोडी आहे.)

उत्तर: वीडर घेऊ नका. आता कंसातल्या मजकुराकडे येऊ, कारण तुमचं खरं पत्र तेच आहे.

पीक कर्ज वेळेवर फेडलं की महाराष्ट्रात 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. या फुकटच्या पैशातले 40,000 तुम्ही बोनस धरूनही जेमतेम 5 टक्के देणाऱ्या पॉलिसीत घालता आणि बियाणं, खत, औषधासाठी वर्षाला 36 टक्क्यांनी उधारी करता. पीक कर्ज पिकासाठी असतं हो! विमा घेतल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही, असं साहेबांनी सांगितलं असेल, तर तसा अधिकार कुठल्याही बँकेला नाही. लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

उधारीचा हिशोब बघा. 70,000 वर पाच महिन्यांचं व्याज साडेदहा हजार. भावातली घट 12,000. आणि दुसरं निंदण 21,000, तेही मी याच खात्यात धरतो. इमॅझेथापायर पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांत, तण 2 ते 4 पानांवर असताना मारायचं असतं. 35 व्या दिवशी केन्याच्या कांड्यांना मुळं फुटलेली असतात, मग औषधाला नावं ठेवून काय होणार? त्याआधीची फवारणी, डायक्लोसुलम किंवा पेंडीमिथॅलिनची, पेरणीनंतर दोन-तीन दिवसांतच ओलीवर करावी लागते. त्या दिवशी हातात रोख नसेल तर दुकानदार देईल तेव्हा आणि देईल ते मारावं लागतं. एकूण झाले साडेत्रेचाळीस हजार. 40,000 चा हप्ता भरता यावा म्हणून वर्षाला 43,500 चा भुर्दंड!

पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच मोडा. भरलेल्या 1 लाख 20 हजारांपैकी सुमारे 35 टक्के, म्हणजे 42,000 हाती येतील. नेमका आकडा शाखेतून लेखी घ्या. 78,000 बुडाल्याचं वाईट वाटेल, मलाही वाटतं. पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर बोनस सोडून 13 वर्षांनी 94,000 च्या आसपास मिळतील, म्हणजे साडेसहा टक्के पडले. 36 टक्क्यांची उधारी डोक्यावर असताना साडेसहाचा मोह कशाला? 42,000 आणि न भरलेला पुढचा हप्ता मिळून 82,000 होतात. जूनमध्ये 70,000 चं सगळं बियाणं, खत, औषध रोखीने, पक्क्या पावतीवर घ्या. उरलेल्या 12,000 मधून आधी टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा स्वस्त विमा, मिळतो का बघा. मिळेपर्यंत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाचे 436 रुपये तरी भरा, 2 लाखांचं संरक्षण आहे. जुनी पॉलिसी त्यानंतरच मोडा.

राहिला वीडर. भाड्याचे 50,000 कुठून येणार? वाफसा आला की गावातल्या सगळ्यांना यंत्र त्याच आठ-दहा दिवसांत हवं असतं आणि तुम्हालाही तेव्हाच. शिवाय वीडर दोन ओळींमधलं तण काढतो, ओळीतल्या केन्याला बाया लागतातच. दोन ओळींमधलं काम तुमचा बैलांनी ओढायचा डवरा करतो, आणि बैलजोडी तर गोठ्यात उभीच आहे.