डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचा सर्व्हर सांभाळतो. उबुंटू आहे, 100 जीबीची एकच डिस्क, फाइल सिस्टीम ईएक्सटी4. प्रवेशाच्या ऐन गर्दीत अर्ज भरले जाईनात. लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं, पण डीएफ कमांड 38 जीबी मोकळी दाखवते. प्राचार्य मोठी डिस्क घ्यायला तयार आहेत. घ्यावी का? आणि विद्यार्थी कागदपत्रं अपलोड करतात, त्या फोल्डरला ठरावीक जीबीची मर्यादा घालता येते का?
– एक वाचक

उत्तर : आज डिस्कची ऑर्डर देऊ नका आणि घाईने काही पुसूही नका. डीएफलाच ‘हायफन आय’ जोडून चालवा. तिथे 100 टक्के दिसेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. गोदामात जागा आहे, पण नोंदवहीची पानं संपली आहेत, असा हा प्रकार. प्रत्येक फाइलला, ती रिकामी असली तरी, एक आयनोड, म्हणजे या नोंदवहीतलं एक पान, लागतो. ईएक्सटी4 मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते: नेहमीच्या मापाने दर 16 केबीमागे एक. तुमच्या 100 जीबीला ते सुमारे 65 लाख होतात. बारीकसारीक फाइलींचा पूर आला की जीबी उरतात आणि आयनोड संपतात.

पूर कुठून आला, ते ‘डीयू’ कमांडला ‘आयनोड्स’ हा पर्याय देऊन फोल्डरनिहाय बघा. माझा पहिला संशय पीएचपीच्या सेशन फाइलींवर, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येकाची तात्पुरती नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइलींवर. उबुंटूत या फाइली पीएचपी स्वतः साफ करत नाही. ठरल्या वेळी चालणारी वेगळी स्क्रिप्ट करते, आणि ती फक्त पीएचपीच्या सेटिंगमध्ये लिहिलेलाच फोल्डर पाहते. अर्जाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने कोडमध्ये सेशनसाठी स्वतःचा फोल्डर दिला असेल, तर तिथे वर्षानुवर्षं कोणी झाडू मारत नाही. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

तिथे फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’ला तारांकन देऊन भागणार नाही, यादी फार लांब आहे म्हणून कमांडच नकार देते. ‘फाइंड’ वापरा, 1440 मिनिटांपेक्षा जुन्या फाइलींची अट घाला, आणि आधी नुसती मोजणी करून घ्या. ‘डिलीट’ हा शब्द सगळ्या अटींच्या शेवटीच लिहा. तो आधी आला तर अट लागायच्या आतच सगळं जातं, आणि ऐन प्रवेशात अर्ज भरत बसलेली मुलं बाहेर फेकली जातात. सफाईनंतरही तो फोल्डर संथ वाटेल, कारण ईएक्सटी4 मध्ये फुगलेली डिरेक्टरी सहसा आक्रसत नाही. रात्री वेब सर्व्हर थांबवून नवा फोल्डर करा, मालकी आणि परवानग्या तशाच ठेवा, जुना काढून टाका. मग रोजच्या सफाईसाठी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावा.

आयनोड भरलेले दिसतात, पण ‘डीयू’च्या मोजणीत तेवढ्या फाइली सापडत नाहीत, असं झालं तर ‘एलएसओएफ’ला ‘अधिक एल1’ देऊन पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली बघा. ज्या सेवेने त्या उघड्या ठेवल्या आहेत, ती रीस्टार्ट केली की त्यांनी अडवलेले आयनोड आणि जागा सुटतात.

आता मर्यादा. ती घालाच, असं मी आग्रहाने सांगते. एकाच डिस्कवर अपलोड आणि डेटाबेस एकत्र असले की एका मुलाच्या भल्यामोठ्या पीडीएफपायी सगळ्यांचे अर्ज अडतात. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर डब्ल्यूएएलची, म्हणजे प्रत्येक बदल आधी नोंदवणाऱ्या फाइलींची, डिस्क भरल्यावर तो बंदच पडतो. अशा वेळी घाबरून त्याच्या डब्ल्यूएएल फाइली हाताने पुसणं म्हणजे डेटावर पाणी सोडणं.

वापरकर्त्यानुसार कोटा इथे कामाचा नाही, कारण वेब सर्व्हर सगळ्या फाइली एकाच नावाने लिहितो. तुम्हाला हवा आहे प्रोजेक्ट कोटा, तो फोल्डरला लागतो. ईएक्सटी4 मध्ये तो लिनक्स 4.5 पासून आहे, पण सुरू करायला फाइल सिस्टीम अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून काढावी, लागते. तुमची तर एकच डिस्क, तीही चालू. म्हणून प्राचार्यांचे पैसे इथे लावा: प्रवेश आटोपले की अपलोडसाठी एक वेगळी, छोटीशी डिस्क घ्या, एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमने फॉरमॅट करा आणि प्रोजेक्ट कोट्यासह माउंट करा. एक्सएफएस आयनोड लागतील तसे तयार करतं, त्यामुळे आजची अडचण तिथे सहसा येत नाही. मर्यादा जीबीचीही घाला आणि फाइलींच्या संख्येचीही.

एक मात्र ऑफिसातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एक्सएफएसमध्ये प्रोजेक्टची मर्यादा भरली तरी संदेश ‘नो स्पेस’ असाच येतो. त्या फोल्डरमध्ये जाऊन डीएफ चालवा. तिथे आख्ख्या डिस्कऐवजी तुम्ही घातलेली मर्यादाच एकूण आकार म्हणून दिसेल.