एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून गप्प बसू नकोस

भावा, बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचा मोल्डिंग बॉक्स उचलताना तुझी कंबर गेली, त्याला वर्ष होत आलं. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत घालायचा असतो, तेव्हा आता ‘बघू’ नको. आधी पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापतात का ते बघ. कापत असतील तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाही, ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढं जायचं.

दुखणं फोटोत दिसत नाही, खरी गोची तिथंच आहे. ‘लई दुखतंय’ एवढंच म्हटलं की डॉक्टर मान हलवून पुढच्याला बोलावतात. म्हणून वही घाल, रोजची तारीख टाकून: चपलेचा पट्टा लावायला बायको लागते, खानापूरच्या बसमध्ये जागा असून उभ्यानं यावं लागतं, बादली उचलली की डाव्या पायात कळ जाते. पैसे दुखण्याचे मिळत नाहीत, कमाईची ताकद किती गेली त्याचे मिळतात, आणि तो टक्का डॉक्टर लिहितात. वाढवून मात्र सांगू नकोस, उलटतपासणीत उघडं पडतं.

आणि कन्नड कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही नको. मी केली होती. त्यात ‘घरी पाय घसरून पडलो’ असं लिहिलेलं निघालं.